कोरडी भिंत

सकाळी चहा टाकायला म्हणून मिस्त्रीणबाई स्वयंपाकघरात आल्या, तर खोलीच्या मधोमध त्यांचा नवरा गुडघे टेकून विटा रचत बसला होता. ओटा अलीकडे, नळ पलीकडे आणि मध्ये कंबरेएवढी भिंत. सिमेंट नाही, वाळू नाही, नुसती विटेवर वीट.

“अहो, हे काय चाललंय?”

“वाटणी,” मिस्त्री म्हणाले, आणि पुढची वीट कानाशी नेऊन बोटाने वाजवून बघितली.

कसली वाटणी, हे विचारायचं बाईंच्या अगदी ओठावर आलं. पण चहा झाल्याशिवाय या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, आणि पाणी तर भिंतीपलीकडे. तेव्हा त्यांनी आधी पातेलं विटांवरून पलीकडे दिलं. मिस्त्रींनी ते मुकाट्याने भरून परत केलं.

मिस्त्रींना त्या भागात निम्मे लोक ‘ओळंबा’ म्हणत. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं ते वजन, भिंत सरळ उभी आहे की कललीय हे बघायला सोडतात ते. कुणीतरी चिडवायला म्हणून हे नाव ठेवलं होतं, पण ते मिस्त्रींना इतकं चपखल बसलं की चिडवण्यातली मजाच गेली. बांधलेली भिंत जराशी जरी तिरकी वाटली, तरी हा माणूस ती स्वतःच्या हाताने पाडायचा. मालक बिचारा “चालेल हो, चालेल” म्हणत असायचा. “तुम्हाला चालेल,” मिस्त्री म्हणायचे, “भिंतीला चालायला नको?” अशा माणसाबरोबर संसार करणं म्हणजे काय, हे मिस्त्रीणबाईंना विचारा. लग्न झाल्यापासून त्या कॅलेंडरसुद्धा नवऱ्याला विचारल्याशिवाय टांगत नव्हत्या. वाकडं टांगलं तर तो रात्री उठून सरळ करायचा.

त्यांची आणखी एक खोड होती. बांधकामाचा पहिला थर कोरडा मांडून बघणारे गवंडी बरेच असतात. मिस्त्री अख्ख्या खोल्याच कोरड्या मांडायचे आणि मग मालकाला, त्याच्या बायकोला, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यात चालायला लावायचे. “हे तुमचं दार. उघडा. लाजता काय, उघडा! आता तिकडून पाण्याची बादली आणा. लागली ना वीट कोपराला? मग आत्ताच सांगा, सिमेंट लागल्यावर वीट ऐकत नाही.” हवेतलं दार उघडताना लोकांना हसू फुटायचं. पण त्यांनी बांधलेल्या घरात कोणाचं कोपर आपटत नाही, हे ते हसणारेही नंतर कबूल करायचे.

आता ही खोड त्यांनी स्वतःच्या घरावर काढली होती, आणि त्याला कारण घडलं होतं. गवंडी नुसती घरं बांधत नाही, घरं फोडणाऱ्या भिंतीही त्यालाच बांधाव्या लागतात. बाप जातो, भाऊ भांडतात, एकमेकांचं तोंड बघायला तयार नसतात, आणि एका गोष्टीवर मात्र दोघांचं चटकन एकमत होतं, की मिस्त्रीला बोलवा. परवाच एका सुताराच्या घरात ते अशी भिंत घालून आले होते. मुलांनी ती अशी घालायला लावली की मधल्या खोलीची खिडकी थोरल्याच्या वाट्याला गेली आणि मधल्या खोलीत राहिली आई.

“भर दिवसा दिवा लावून बसली होती,” एवढंच मिस्त्री घरी येऊन म्हणाले, आणि ताट तसंच ठेवून उठले.

त्यानंतरच्या सुट्टीला त्यांनी तिन्ही मुलांना बोलावून घेतलं. थोरला विजेची कामं घेतो, बायकोबरोबर याच घरात राहतो. स्वभावाने तो बापावरच गेलेला, सरळ आणि चटकन दुखावणारा. धाकटाही इथेच राहतो, बस चालवतो आणि बसपेक्षा त्याचं तोंड जास्त चालतं. मधली मुलगी बापाच्या हाताखाली फरशी बसवायला शिकली. लग्न होऊन दोन रस्ते पलीकडे गेली तरी तो उद्योग तिने सोडला नाही, चार माणसं हाताशी घेऊन कामं घेते.

कंबरेएवढ्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना सगळे उभे राहिले. कुठे बघावं हे कुणालाच कळेना.

“बाबा, आत्ता कशाला हे?” थोरला म्हणाला. “तुम्ही चांगले धडधाकट आहात.”

“म्हणूनच आत्ता. मेलेल्या माणसाला भिंत पाडून परत बांधता येत नाही.” मिस्त्रींनी बोटाने दाखवायला सुरुवात केली. “रस्त्याकडच्या खोल्या आणि हा ओटा थोरल्याचा. वरचा मजला आणि खालची ही नळाची बाजू धाकट्याची. मागचं आवार, तिथली कोठी, बांधकामाच्या फळ्या, सिमेंटचा मिक्सर, सगळं पोरीचं.”

“मला काही नको बाबा,” मुलगी म्हणाली. “माझं छान चाललंय.”

“तुझं छान चाललंय ते तुझ्या हातांनी. हे माझ्या हातांनी. नको म्हणून मोठी होऊ नकोस, घे आणि मोठी हो.”

“आणि माझ्या वाट्याला जिना आला वाटतं,” धाकटा म्हणाला. “दिवसभर गाडी चालवायची आणि घरी येऊन चढ चढायचा!”

सगळे हसले. अवघडलेपण जरा सैलावलं. थोरलीच्या, म्हणजे थोरल्या सुनेच्या मनात तेवढ्यात काहीतरी आलं. “आणि आईंचं?” तिने विचारलं.

“आईचं काय वेगळं?” थोरल्याने क्षणभरही विचार केला नाही. “आई आमच्याकडेच. सहा महिने खाली, सहा महिने वर. तिला काय कमी पडू देणार आहोत आपण?”

“वर असली की मी जिन्याला कठडा लावतो,” धाकटा म्हणाला. आता तो थट्टा करत नव्हता.

दोघंही अगदी मनापासून बोलले होते. मिस्त्रीणबाई “बरं बाई, बरं” म्हणाल्या आणि चहाचे कप गोळा करायला लागल्या. कप एकमेकांवर आपटले तशी त्यांनी ते परत खाली ठेवले.

मिस्त्रीणबाईंच्या आईलाही मुलगे होते. वडील गेले, घर वाटलं गेलं, आणि आई पत्र्याची पेटी घेऊन या भावाकडून त्या भावाकडे जायला लागली. भाऊ चांगले होते. वाईट असते तर बरं झालं असतं, निदान आईला रुसता तरी आलं असतं. प्रत्येक घरात तिचा टॉवेल कुणाच्या तरी खिळ्यावर, कुणाच्या तरी टॉवेलावर टांगलेला असायचा. पेटीतले कपडे तिने पुरते कधी बाहेर काढलेच नाहीत. चहाची तलफ आली की आधी सुनेकडे बघायची आणि म्हणायची, “तू घेणार असशील तर मीही घेईन.” ज्या बाईने अख्खं घर चालवलं, ती शेवटी घोटभर चहासाठी दुसऱ्याला तहान लागायची वाट बघत बसायची.

हे मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. आणि सांगणार तरी काय? की मला माझ्याच मुलांच्या घरी राहायची भीती वाटते? इतकी गुणी मुलं, आणि त्यांच्या तोंडावर असं म्हणायचं! त्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

“बरं,” मिस्त्री म्हणाले. “आता या भिंतीत थोडे दिवस राहायचं. कुठे काय टोचतं ते मला कळू दे. मग माल कालवू.” माल म्हणजे सिमेंटवाळू.

मग जी मजा सुरू झाली ती विचारू नका. ओट्यावर भाजी चिरायची आणि धुवायला भिंतीपलीकडे द्यायची. थोरली आणि सासूबाई दोन्ही बाजूंना उभ्या राहून पातेल्यांची देवाणघेवाण करायला लागल्या. धाकट्याला रोज सकाळी उशीर झालेला असायचा. तो वळसा घालायचा कंटाळा करून भिंतीवरून उडी मारायचा आणि रोज वरच्या चार विटा घेऊन पडायचा. थोरल्याने एकदा शिडी आत आणली आणि अर्धी भिंत बाहेर नेली. शेजारचे लोक साखर मागायच्या निमित्ताने वाटणी बघून जायचे. मुलगी आली की पडलेल्या विटा उचलून परत रचायची आणि रचता रचता बापाच्या चुका काढायची.

मिस्त्री कोपऱ्यात बादली पालथी घालून तिच्यावर बसलेले असायचे.  कोण कुठून आलं, कुठे अडखळलं, कुणाचा हात सवयीने कुठे गेला, एवढंच बघायचे. वीट पडली की उठून लावायचे आणि परत बादलीवर बसायचे. आपलं घर आपणच असं परक्या नजरेने बघायला छाती लागते, आणि ती त्यांच्याकडे होती.

“फितीने मोजून वाटलं ना मी,” एकदा ते कबूल झाले. “फीत बरोबर आहे, मी गाढव आहे. चूल एकीकडे आणि पाणी एकीकडे! दुसऱ्या कुणाला असं घर बांधून दिलं असतं तर त्याने मला यातलीच वीट हाणली असती.”

पण भिंत त्यांनी तशीच ठेवली. काहीतरी अजून दिसायचं राहिलंय असं त्यांना वाटत होतं.

ते एका दुपारी दिसलं. खरं तर ऐकू आलं. थोरली ओट्यापाशी काम करत होती. मिस्त्रीणबाई भिंतीच्या पलीकडे, नळाच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी ओट्याकडे बघितलं, मग सुनेकडे बघितलं, आणि अगदी सहज म्हणाल्या, “तू चहा घेणार असशील तर मीही घेईन.”

सुनेने “ठेवते ना आई” म्हणून पातेलं उचललंसुद्धा. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. बाईंनाही आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर कळलं, आणि त्या जागच्या जागी थिजल्या. आवाज त्यांचा होता, पण बोलणं त्यांच्या आईचं होतं.

मिस्त्री बादलीवरून उठले. आपल्या सासूबाईंना, म्हणजे बाईंच्या आईला, त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या हातचा नव्हे, त्यांच्याबरोबर वाट बघून मिळालेला चहा ते प्यायले होते. ते सरळ भिंतीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी विटा उतरवायला लागले. धूळ उडाली, थोरली “अहो बाबा, दूध उघडं आहे!” म्हणून ओरडली, तरी ते थांबले नाहीत. संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातली भिंत नाहीशी झाली होती आणि नवी मांडणी उभी राहिली होती. स्वयंपाकघर अख्खं. त्याला लागून असलेली, सकाळचं ऊन येणारी खोलीही त्यातच. ही दोन्ही बाकी घरापासून वेगळी. बाजूच्या बोळाकडच्या भिंतीवर मिस्त्रींनी खडूने दार काढलं होतं. पुढच्या खोल्यांत आणि वरच्या मजल्यावर ओटे कुठे येतील, पाणी कुठून जाईल, त्याच्याही खुणा होत्या.

थोरला कामावरून आला. मुलगी आणि धाकटाही येऊन ठेपले होते.

“हे कुणाचं?” थोरल्याने विचारलं.

“तुझ्या आईचं. तिच्या नावावर. माझ्यानंतरही तिचंच.”

थोरल्याचा चेहरा उतरला. “म्हणजे आईला वेगळं काढायचं? लोक काय म्हणतील? दोन दोन मुलगे असून म्हातारी वेगळी राहते म्हणतील.” मग त्याचा आवाज फाटला. “आम्ही तिला सांभाळणार नाही असं वाटतं का तुम्हाला, बाबा?”

“सांभाळाल. माझी खात्री आहे.” मिस्त्रींनी हातातली वीट खाली ठेवली. “पण सांभाळतात ती वस्तू. माणसाला घर लागतं.”

“तिला विचारलंत तरी का?”

“नाही,” मिस्त्री म्हणाले. “चुकलं. तूच विचार.”

सगळे बाईंकडे बघायला लागले. आयुष्यभर त्यांनी एकच उत्तर दिलं होतं, ‘तुम्ही म्हणाल तसं’. ते आत्ताही जिभेवर तयार होतं. म्हटलं असतं की सगळं गोड झालं असतं. थोरल्याचं मन राहिलं असतं, लोकांची तोंडं बंद झाली असती. थोरला त्यांच्याकडे लहानपणी ठेच लागल्यावर बघायचा तसा बघत होता. बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. तो मदत करणार नव्हता. तो ओळंब्यासारखा गप्प उभा होता.

“मला हवंय,” त्या म्हणाल्या.

आवाज इतका बारीक निघाला की धाकटा “काय?” म्हणाला.

“मला हवंय हे घर.” आता आवाज मोठा झाला, आणि एकदा झाला तसा थांबेना. त्यांनी आईची पेटी सांगितली. टॉवेल सांगितला. चहा सांगितला. “तुझ्यात काही खोट नाही रे,” त्यांनी थोरल्याचा दंड धरला. “तुझे मामा पण चांगलेच होते. मला तुमच्याकडे यायचंय, रोज येईन, उठसूट येईन. पण यायचंय. आणि यायचं म्हणजे आधी कुठेतरी राहायला पाहिजे ना?”

 थोरली डोळे पुसत होती. दुपारचं ‘तू घेणार असशील तर’ तिला आता कळलं होतं.

 थोरला खाली वाकला, पुढच्या खोल्या आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या कोरड्या भिंतीची एक वीट सरळ केली आणि भसाड्या आवाजात म्हणाला, “इथे दार ठेवा बाबा. ती बोळातून वळसा घालून येणार की काय आमच्याकडे?”

“दार ठेवा,” बाई म्हणाल्या. “पण कडी माझ्या बाजूने.”

मिस्त्री मोठ्याने हसले. एवढ्या वर्षांत बायकोने बांधकामात सुचवलेली ही पहिलीच गोष्ट, आणि ती बिनचूक होती.

भिंत पक्की बांधली ती सगळ्यांनी मिळून. मुलीने माल कालवला, धाकट्याने विटा दिल्या, थोरल्याने आईच्या खोलीत दिवा नेमका कुठे हवा ते तिला तीन वेळा विचारून तारा ओढल्या. मिस्त्रींनी ओळंबा सोडून प्रत्येक थर बघितला आणि एक थर, जो धाकट्याने हौसेने लावला होता, तो पाडायला लावला.

मग कचेरीत जाऊन कागद करायचे होते. तिथल्या बाईंनी चष्मा सावरून सगळा मजकूर वाचून दाखवला. थोरल्याचं अमुक, धाकट्याचं तमुक, मुलीचं आवार, बायकोचं स्वयंपाकघर आणि खोली. शेवटी त्यांनी वर बघितलं.

“आणि तुमचं?”

“माझं काय?” मिस्त्रींनी विचारलं.

“तुम्ही राहणार कुठे? तुमच्यासाठी काहीच ठेवलेलं नाही यात.”

मिस्त्रींनी कागद हातात घेतला, उलटा करून पाठीमागेही बघितलं. त्यात मोठेपणा करायचा आव अजिबात नव्हता, ते खरोखरच विसरले होते. घर मांडताना त्यात कोण कुठे झोपेल, कोण कुठे बसेल याचा हा माणूस जन्मभर विचार करत आला, आणि त्या माणसांत गवंडी कधीच नसतो. घर पुरं झालं की तो हात धुतो आणि निघतो. स्वतःच्या घराची वाटणी करतानाही त्यांच्याकडून तेच झालं. ज्याने फितीने मोजलेलं घर पाडून माणसांच्या चालण्यावरून परत मांडलं, तो त्यात स्वतःला मांडायचं विसरला.

“कमाल आहे बाबा!” धाकट्याला हसू आवरेना. “या, वर या. जिना आहेच.”

“आमच्याकडे या,” थोरला म्हणाला.

“मजकूर बदलायचा का?” कचेरीतल्या बाईंनी विचारलं.

“नको,” मिस्त्री म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “वाटणी ओळंब्यात आहे. माझं बघतो मी.”

 हसावं की रडावं ते मिस्त्रीणबाईंना कळत नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्या पाठीमागून आपण चालत आलो तो माणूस एका सहीने बिनघराचा झाला, आणि त्याला त्याचं काही वाटतच नव्हतं. वाटत होती ती फक्त लाज, मोजमाप चुकल्याची. अशा माणसाचा अभिमान वाटतो म्हणजे नेमकं काय होतं, ते त्यांना कचेरीतल्या बाकावर बसल्या बसल्या छातीत दुखल्यासारखं जाणवलं.

मुलं आपापल्या कामाला गेली. दोघं बोळातून घरी आली. नवं दार मिस्त्रींनी आदल्या दिवशीच बसवलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि प्रत्येक मालकाला देत तशी, दोन्ही हातांनी, बायकोला दिली.

बाईंनी कुलूप उघडलं आणि त्या आत गेल्या. कुणालाही न विचारता चहाचं आधण ठेवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की पाठीमागे पावलं वाजलीच नाहीत.

त्या वळल्या. मिस्त्री उंबऱ्याबाहेर उभे होते, हातातली पिशवी या हातातून त्या हातात करत.

“येऊ का आत?” त्यांनी विचारलं.

ते थोडी थट्टा करत होते, पण थोडीच. बाईंना वडिलांच्या घरी कोणी असं विचारलं नव्हतं, सासरी विचारलं नव्हतं, आणि याच घरात याच माणसाने एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. विचारायला आधी दार आपलं असावं लागतं. त्यांनी त्याला जरा वेळ तसंच उभं ठेवलं. ते उभं ठेवणं त्यांना फार आवडलं.

“या,” त्या म्हणाल्या. “पण पाय पुसून या. माझ्या घरात सिमेंट नको.”

मिस्त्रींनी चपला बाहेर काढल्या आणि पायपुसण्यावर बराच वेळ पाय पुसत राहिले. बाईंनी आधणात आणखी एक कप पाणी घातलं.